तांदळावरची पाच बोटं

मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी मी माझ्याच घरातल्या तांदळाच्या पिंपावर पहारा बसवला होता. पहारा म्हणजे काय, तर रोज स्वयंपाकापुरता काढून झाला की पिंपातला तांदूळ हाताने सपाट करायचा, त्यावर उजव्या हाताचा पंजा दाबून उमटवायचा आणि झाकण लावून कामावर जायचं. संध्याकाळी आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्या आधी, झाकण उघडून बघायचं, पाच बोटं जागच्या जागी आहेत का. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्याजणींनी पिठावर नाहीतर साखरेवर अशी बोटं उमटवलेली आहेत, मला ठाऊक आहे. फरक एवढाच की तुम्ही ते लिहून कबूल करणार नाही.

पहारा जिच्यावर होता ती आमची भाडेकरू. एसटीत कंडक्टर. तिचं पहिलं नाव मी इथे लिहीत नाही, ते चारचौघींसारखंच होतं. आडनाव मात्र लिहावं लागेल, कारण सगळं रामायण त्या आडनावाचं. रासखुणे.

तुम्ही ऐकलंय कधी? मीही नव्हतं ऐकलं. आणि तिच्या बसमधल्या कुणीच ऐकलेलं नसायचं. खाकी कपड्यावर नावाची पट्टी असायची, ती वाचली की माणसाच्या कपाळावर आठी आलीच. "रासखुणे? हे कुठलं हो आडनाव? अर्थ काय याचा?" मग ती त्या पट्टीवर नखाने दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "अर्थ सांगते, आधी सुट्टे काढा."

माणूस सुट्टे शोधेपर्यंत ती दोन सीट पुढे गेलेली असे.

*

ती आमच्याकडे आली तेव्हा मी कर्जतच्या एका शाळेत कारकून होते. दाखले लिहिणं, नावं चढवणं, नावं उतरवणं, हेच काम वीस वर्षं केलेलं. त्यामुळे मला एक गर्व होता, आता सांगायला लाज वाटते. मला आडनाव सांगा, मी गाव सांगते, देव सांगते आणि बाकीचंही सांगते, असं मी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना बोलत असे. बाकीचं म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. सगळ्यांना कळायचं, आणि कुणी तोंडाने म्हणायचं नाही.

आमचं स्वतःचं आडनाव पाटील. कर्जतच्या बाजारात 'ओ पाटील' म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार मान वळवतो. भरपूर पिकलेलं आडनाव. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. त्यामुळे विचारलं की कसं वाटतं हे मला कधी कळायचं कारणच नव्हतं.

घरामागे पडवीला लागून एक खोली होती. ती रिकामी होती आणि हिला हवी होती. पहिली गाडी पहाटे सहाला सुटायची, खालापूरच्या आतल्या गावाहून त्या वेळेला पोचायचं कसं? वय तिशीच्या आत-बाहेर, लग्न नाही झालेलं, आईवडील गावाला. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा की पडवीत बोलली तरी रस्त्यावरचा माणूस पुढे सरकून उभा राहावा.

मी माझी नेहमीची शिडी लावली.

"आडनाव रासखुणे? वेगळंच आहे गं."

"हो काकू."

"मूळ गाव?"

तिने सांगितलं. त्या गावात सगळ्या प्रकारची वस्ती. पहिली पायरी फुकट गेली.

"देव कुठला तुमचा?"

"गावात असेल तो."

दुसरीही गेली. मग मी गोड आवाजात तिसरी लावली. "मासे-बिसे चालतात ना तुला?"

"चालतात की. तुमाला चालतात ना?"

"आम्हाला चालतात."

"मग झालं."

काहीच झालं नव्हतं. कर्जतमध्ये मासे कुणाला चालत नाहीत? मी तिथल्या तिथे अडकले. वीस वर्षांत पहिल्यांदा एक आडनाव माझ्या हातून निसटलं. खोली मात्र दिली. भाडं वेळेवर देईल अशी दिसत होती, आणि दुसरं असं की रोज समोर राहिली तर आज ना उद्या शोध लागेलच, असा माझा हिशेब. मी त्याला सावधपणा म्हणायचे. आपल्या वाईट खोडीला आपण किती छान नावं देतो, नाही?

*

पहिला धागा दूधवाल्याने दिला. सकाळी माप ओतताना म्हणाला, "वयनी, तुमची भाडेकरू खानदानी हाय. तिचा पणजा म्हणे एवढा मोठा शेतकरी, खळ्यावरची भाताची रास मोजायलाच जमायची नाय. नुसती खूण करून ठेवायचे. म्हणून रासखुणे."

मला बरं वाटलं. शेतकरी म्हणजे आपल्यातलीच.

चार दिवसांनी शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून म्हणाले, "अहो, तुमच्या त्या कंडक्टरबाईंच्या आडनावाची व्युत्पत्ती मोठी सुंदर आहे. खोताकडे त्यांचे पूर्वज लिखापढी करत. कुणाच्या राशीवर काय खूण, ते वहीत उतरवून ठेवत."

मी भाजी निवडायची थांबले. शेतकरी होता तो लिहिणारा कधी झाला?

पुढच्याच आठवड्यात मला साजगावला एका ओळखीच्यांकडे जायचं होतं. मी मुद्दाम हिची गाडी पकडली आणि मागच्या सीटवर पदर डोक्यावर घेऊन बसले. गाडीत फुलांची टोपली घेतलेली एक म्हातारी होती. तिने पट्टी वाचून घेतली, नातवाकडून, आणि विचारलं. टकटक झाली, सुट्टे निघाले, आणि माझे कान पदरातून बाहेर आले.

"आजी, आमच्या घरात देवीचा मान. पहिली रास देवीची म्हणून आमचे वाडवडील तिच्यावर खूण करायचे. ती झाल्याबिगर गावात कुणी भात उचलायचं नाय."

म्हातारीने तिला दोन सोनचाफे दिले.

पंधरा दिवसांत तीन पूर्वज! शेतकरी, कारकून आणि पुजारी. साजगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्यावर खटला भरून निकालही दिला होता. जी बाई आडनावाबद्दल खोटं बोलते ती कशाबद्दल खरं बोलेल? ह्यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, रात्री जेवताना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला भाडं देते ना वेळेवर?"

"प्रश्न भाड्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

कशाचा आहे ते मला सांगता येईना, म्हणून मी त्यांना अजून एक भाकरी वाढली.

माझ्या सासूबाई तेव्हा ऐंशीला टेकलेल्या. पडवीत त्यांची बाज, बाजेखाली पानाचा डबा, हातात माळ. उजवा हात मनगटात मोडून वाकडा बसला होता, म्हणून सगळी कामं डाव्या हाताने. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पोर चांगली हाय. उगा तिच्या मागं लागू नको."

"तुम्हाला काय माहीत आई, ती तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगते."

"मग काय झालं? तुजा सासरा एकच गोष्ट तीस वर्सं सांगत व्हता, ती पन खोटी व्हती."

*

संशयाला एकदा घरात घेतलं की तो सोयऱ्यासारखा पाय पसरतो. मला आता सगळ्यातच काहीतरी दिसायला लागलं. तिला दर महिन्याला दोन-तीन पत्रं यायची. पाकिटावर पाठवणाऱ्याचं आडनाव प्रत्येक वेळी रासखुणे, गाव प्रत्येक वेळी वेगळं. मी पाकीट उजेडासमोर धरून बघितलंय, तेही कबूल करते. विचारलं तर म्हणाली, "आमची एकूण सात घरं, काकू. सात ठिकाणी सात. कुणी मेलं, कुणी जन्मलं की कळवतो एकमेकांना. नायतर कोण राहिलं नि कोण गेलं, समजायचं नाय."

मला ते खरं वाटलं नाही. सात घरांचं कुठे आडनाव असतं? मी मनात म्हटलं, ही एकच टोळी आहे.

मग वास. दुपारी ती कामावरून मधल्या वेळेत परत यायची, आणि सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की तिच्या खोलीतून काहीतरी खमंग भाजल्याचा वास यायचा. सुक्या मासळीचा. आमच्या घरात तेव्हा सुकी मासळी बंद होती. डॉक्टरांनी सासूबाईंचं मीठ तोडलं होतं, रक्तदाबामुळे, आणि मी ते इतकं मनावर घेतलं होतं की सुकट, जवळा, बोंबील यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"आई, वास येतोय ना तुम्हाला?"

"कसला? मला नाय बाय आला." आणि माळ भरभर फिरायला लागायची.

तांदळाचं पिंप पडवीत होतं. तिच्या खोलीकडे जायची वाट त्याच्यावरून. एक दिवस मला वाटलं, तांदूळ खाली गेलाय. नीट बघितलं. गेलाय. माझ्या अंगातून एक शिरशिरी गेली, आणि खरं सांगू का, ती आनंदाची होती. सापडली!

त्याच संध्याकाळी मी पहिला पंजा मारला.

दोन दिवस बोटं शाबूत. तिसऱ्या दिवशी तांदूळ विस्कटलेला. मी पुन्हा सपाट केला, पुन्हा पंजा. आठवड्याने झाकण उघडलं तर पंजा होता. मी झाकण लावणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं, अंगठा चुकीच्या बाजूला. माझा उजवा पंजा गायब झाला होता आणि त्याच जागी कुणीतरी डावा उमटवून ठेवला होता. लहानसा, बोटं बारीक, करंगळीचा तर नुसता ठिपका.

आता तुम्ही मघापासून माझ्यापेक्षा हुशार झालेले आहात, मला दिसतंय. डाव्या हाताने सगळं करणारी बाई तुम्हाला थोडं आधीच भेटली आहे. मला ती रोज भेटत होती. तिला मी रोज जेवण वाढत होते. पण माझं डोकं कसं चाललं बघा. मी विचार केला, कंडक्टर उजव्या हातात मशीन धरते आणि डाव्याने तिकिटं देते, नोटा सारते. म्हणजे डावा हात सराईत. म्हणजे तीच. पंजा लहान का? घाईत दाबला म्हणून. असं हे शाळेतलं वीस वर्षांचं दप्तरी डोकं.

*

तो शुक्रवार होता. ती कामावरून आली तशी मी तिला हाक मारली. खाकीतच होती, खांद्याला बॅग.

"बोलावलंत, काकू?"

मी झाकण काढलं. "हे बघ."

तिने वाकून बघितलं. "काय हाय?"

"इथे माझा पंजा होता. उजवा. आता डावा आहे."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने सावकाश मान वर केली. "तुमी तांदळावर पंजा मारून ठेवता?"

"घर आहे. लक्ष ठेवावं लागतं."

"आधीपासून ठेवता, की मी आल्यापासून?"

बाजेवर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांची माळ अशी पळत होती की मणी एकमेकांवर आपटत होते.

तिने बॅग खाली ठेवली. डावा हात पसरला आणि त्या उमटलेल्या पंजावर, वीतभर वर, धरला. तिचा हात मोठा होता हो. बसचा दांडा धरून धरून रुंद झालेला. खाली टेकवला असता तर त्या चिमुकल्या पंजाच्या चारी बाजूंनी बाहेर आला असता आणि माझा खटला तिथेच संपला असता. हे मला आता दिसतं. तेव्हा मी तिचा चेहरा बघत होते, चोराचा चेहरा कसा असतो ते बघायला.

ती टेकवणारच होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून बाजेकडे गेली. हात हवेतच थांबला, मान जराशी हलली. मूठ मिटली आणि खिशात गेली.

"रविवारी खोली सोडते, काकू."

"म्हणजे तूच."

"मी तसं म्हटलं नाय. खोली सोडते म्हटलं."

बॅग उचलून ती दोन पावलं गेली आणि परत फिरली. पट्टीवर टकटक केली.

"तुमाला अर्थ हवा होता ना, पहिल्या दिवसापासून? सांगते. तुमचे सुट्टे नकोत."

आणि तिने पडवीतच, उभ्या उभ्या, सांगितलं. मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी मला कान द्यावे लागले.

"माझा पणजा खळ्याची राखण करायचा. भात दुसऱ्याचं, रास दुसऱ्याची, राखण आमची. रात्रभर थंडीत बसायचं. आणि घरधनी झोपायला जायच्या आधी काय करायचा, राखेत हात बुडवून राशीवर पंजा मारायचा. चोर येईल म्हणून नाय, काकू. चोराला पंजाचं काय? राखणदारानं मूठभर काढलं तर कळावं, म्हणून. सकाळी आला की आधी पंजा बघायचा, मग माझ्या पणज्याकडं बघायचा. पंजा शाबूत असला तर काय बोलायचा नाय. एवढीच शाबासकी."

मी पिंपाचं झाकण हातात धरून उभी. ठेवायचं कुठे ते कळेना.

"माझ्या आज्याला घरातनं पहिल्यांदा शाळेत घातला. मास्तरांनी आडनाव विचारलं. गाव आमाला ज्या नावानं हाक मारायचं ते त्याला सांगायचं नवतं. तो म्हणाला, रासखुणे लिवा. मास्तर म्हणाले, असं आडनाव नसतं. आजा म्हणाला, आता हाय."

ती पुढे म्हणाली, "रास त्यांची, खूण त्यांची. आडनाव तेवढं आमचं. आमी बौद्ध, काकू. पहिल्या दिवशी सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं. पण लोक अर्थ विचारतात. मग मी पण अर्थच सांगते, ज्याला जो आवडेल तो."

रविवारी तिने खोली झाडून, पाणी शिंपडून, चावी सासूबाईंच्या हातात दिली. माझ्या नाही.

*

आता इथे माझी मान खाली गेली असेल असं तुम्हाला वाटत असेल. तर नाही. मूर्ख माणसाची मान इतक्या लवकर खाली जात नाही. मला वाईट वाटलं, पण मी स्वतःला म्हटलं, गोष्ट हृदयाला भिडणारी आहे खरी, पण आतापर्यंत हिने तीन सांगितल्या होत्या, ही चौथी. आणि पुरावा काय सांगतो? ती गेल्यापासून एकाही संध्याकाळी पंजा हललेला नव्हता. एक आठवडा, दोन आठवडे. मी ह्यांना पिंपापाशी नेऊन दाखवलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आता किती वर्षं हा हात असाच ठेवणार?"

सासूबाई मात्र बिघडल्या. जेवणावरची वासना गेली. आमटी पुढे केली की ताट सरकवायच्या. "तोंड आळणी झालंय," म्हणायच्या आणि रिकाम्या खोलीच्या कडीकडे बघत बसायच्या. मी म्हटलं, वय झालं.

तिसऱ्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. मी घरी. भर दुपारी मागच्या दाराने एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन सरळ पडवीत आली, स्वतःच्या माहेरात यावी तशी. मी आतल्या खोलीत होते, तिला दिसले नाही.

"आये, हायस का गं? दोन वेळा येऊन गेले, हाका मारल्या, तू दार उघडलं नायस. सुकट आणलीय बघ, कशी कोरडी झालीय. काढ तांदूळ, वटी भर."

"हळू बोल गं भवाने," सासूबाईंचा आवाज. "घरात हाय ती."

"कोन, कंडक्टरीन? तिला काय भ्यायचं? तीच भाजून घालती ना तुला?"

मी दारात येऊन उभी राहिले. कोळणीने पाटी उचलली आणि ज्या वेगाने ती कुंपणापलीकडे गेली तो वेग मी आजवर कुठल्या एसटीला बघितलेला नाही.

सासूबाई बाजेवर ताठ बसल्या. माळ गळ्यात टाकली, आणि ऐंशी वर्षांची ती बाई माझ्यावरच उसळली.

"काय बघतीस? माज्या शेताचा तांदूळ. माजं पिंप. मी घेतला तर ती चोरी व्हय?"

"आई, पण मग तो पंजा…"

"तू मारलास म्हनून मी मारला. माजा हात वाकडा, उजवा कसा मारू?"

"आणि तिला मी घालवलं, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यावर मात्र त्यांचा ताठा गेला. डाव्या हाताने त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या. "मी बोलनार व्हते," त्या म्हणाल्या. "तिनं माज्याकडं बघून मान हलवली. नको म्हनून. मग मी भ्याले. तू मला डाक्टरकडं नेऊन अजून काय काय तोडायला लावशील म्हनून भ्याले."

*

त्यानंतरची वर्षं थोडक्यात सांगते. सासूबाई अजून चार वर्षं होत्या. पंधरा दिवसांतून एकदा मी स्वतः त्यांना चिमूटभर सुकट भाजून द्यायचे. त्या खायच्या आणि म्हणायच्या, "त्या पोरीसारकी नाय झाली." एकदाही चुकल्या नाहीत म्हणायला. पिंप मोडीत गेलं. त्या मागच्या खोलीत आता माझी नात अभ्यास करते.

ती कंडक्टर त्याच वर्षी बदली घेऊन घाटावरच्या डेपोला गेली. कुठल्या, ते मला नक्की कळलं नाही, आणि चौकशी करायची खोड मी त्याआधीच जरा आवरती घेतली होती. म्हणजे, तसं मी म्हणते. अजूनही एसटीत चढले की आधी कंडक्टरच्या छातीवरची पट्टी वाचते. लग्नपत्रिका आली की 'आपले नम्र' खालची सगळी नावं वाचते. नात म्हणते, "आजी, तू वधू-वरांपेक्षा आडनावंच बघतेस."

गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, तुझ्या त्या फोनमध्ये एक आडनाव शोध. तिने रासखुणे टाकलं. फोन जरा फिरला आणि त्याने दुसरीच कुठली तरी नावं पुढे केली, तुम्हाला हे म्हणायचंय का, ते म्हणायचंय का. मग तिने गंमत म्हणून पाटील टाकलं, तर बोटाने वर सरकवता सरकवता तिचं बोट दुखलं. "आजी, हे आडनाव नसेलच," नात म्हणाली. "तुला कुणीतरी खोटं सांगितलं असेल."

"आहे," मी म्हटलं. "सात घरं आहेत."

खरं तर सहा. शेवटी भेटली तेव्हा तिने सांगितलं होतं, मुंबईतल्या एका चुलतभावाने अर्ज करून आडनाव बदलून घेतलं. खोली मिळेना म्हणून. आता तो कुठल्याशा चालू, भरपूर पिकलेल्या आडनावाखाली राहतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, तिकिटाच्या मशीनकडे बघत होती. मला मात्र ती मागची खोली दिसत होती.

ती शेवटची भेट राहिलीच सांगायची. कोळीण पळाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी कर्जतच्या स्टँडवर तास दीड तास उभी राहून तिची खोपोलीची गाडी पकडली. पुढच्या सीटवर बसले, या वेळी पदर डोक्यावर नाही. ती तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आली.

"कुठं?"

"कुठेच नाही. तुला भेटायला आले."

"कुठंच नायचं तिकीट नसतं, काकू. खोपोली देते." आणि दिलं. सुट्टे मी आधीच काढून ठेवले होते.

ती मागे गेली, पुढे आली, मध्ये माणसं चढली, उतरली. माझं बोलणं तुकड्यातुकड्याने झालं. आईंनी सगळं सांगितलं, म्हटलं. ती "हं" म्हणाली. मी चुकले, म्हटलं. "हो," म्हणाली, आणि एका बाईला पुढे सरकायला सांगितलं. खोलीत परत ये, म्हटलं. त्यावर तिने नुसती नाही म्हणून मान हलवली. पळसदरी मागे पडल्यावर गाडी जरा रिकामी झाली, तेव्हा ती माझ्या सीटच्या दांड्याला टेकून उभी राहिली आणि तिने त्या चुलतभावाचं सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, तुझा हात केवढा, त्यांचा केवढा. नुसता टेकवला असतास तरी मी तिथेच गप्प झाले असते. चोर म्हणवून घेतलंस, राहती खोली सोडलीस, आमच्या म्हातारीसाठी? ती तुझी कोण लागत होती?"

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. मग पट्टीवर नखाने एकदाच टकटक केली आणि म्हणाली,

"पहिल्या दिवशी तुमी मला आडनाव विचारलंत, काकू. आजींनी विचारलं, सुकट भाजता येते का गं तुला?"